अठ्ठ्याण्णव हजारांत किलिमांजारो

टांझानियातल्या किलिमांजारो डोंगरावर येत्या जानेवारीत जाणाऱ्या मोहिमेची एक जाहिरात सध्या गुहागर-चिपळूण भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. विमानाचे तिकीट आणि व्हिसा सोडून सर्व खर्च समाविष्ट, अगदी पोर्टरच्या टिपदेखील त्यातच, असे तिच्यात म्हटले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्हा सहा जणांना ज्याने तिकडे पाठवले, त्याच गृहस्थाची ती जाहिरात आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, पण जे घडले ते पुढे जाऊ पाहणाऱ्यांना कळावे म्हणून सविस्तर लिहिते.

मी सव्वीस वर्षे एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. दुसऱ्याच्या खतावणीतली एक रुपयाची तफावत सापडेपर्यंत संध्याकाळी घरी न जाणारी बाई स्वतःचे अठ्ठ्याण्णव हजार पावतीचा चिटोराही न मागता देते, हे लिहिताना आजही लाज वाटते. त्याचे कारण एवढेच की तो परका नव्हता. आमच्याच तालुक्यातला, नोकरीधंद्यानिमित्त मुंबईत स्थिरावलेला, गणपतीला आणि शिमग्याला न चुकता येणारा. मार्च २०२४ मध्ये पालखी आमच्या दारात आली तेव्हा तिला खांदा देणाऱ्यांत तो होता, आणि पालखी पुढे गेल्यावर पडवीत चहा घेताना त्याने मोबाईलवर बर्फाळ माथ्याचे फोटो दाखवले. "काकू, तुम्ही रसाळगड चढता म्हणजे हा डोंगर तुम्हांला जड नाही," असे तो म्हणाला. हे वाक्य किती चुकीचे होते ते मला आठ महिन्यांनी समजले.

आमची तयारी मात्र प्रामाणिक होती. पाठपिशवीत जांभ्याचे दोन-दोन तुकडे घालून आम्ही रोज पहाटे गुहागरच्या किनाऱ्यावर वाळूतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत असू, आणि पावसाळ्यापूर्वी रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही खेडची तिन्ही गडांची रांग सलग करून आलो होतो. पाय तयार झाले होते. परंतु उंचीची सवय वाळूत चालून होत नाही. आम्ही समुद्रसपाटीवर राहणारी माणसे, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे; किलिमांजारोचे उहुरू शिखर ५८९५ मीटरवर आहे, आणि त्या डोंगराच्या ज्या दरवाजापासून आम्ही चालायला लागलो तोच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे.

त्याने दिलेल्या माहितीपत्रकात लेमोशो मार्ग, सात दिवस आणि सहा रात्री, परवानाधारक गाईड, रोज दोन वेळा ऑक्सिमीटरने तपासणी, सोबत ऑक्सिजनचा सिलिंडर आणि तंबूत गरम जेवण असे सगळे लिहिलेले होते. किलिमांजारोवर गाईडशिवाय चढूच देत नाहीत, त्यामुळे कोणत्या ना कोणत्या कंपनीमार्फतच जावे लागते; मधला माणूस इथला असला तरी तिथली परवानाधारक कंपनी वेगळीच असते, आणि तिचे नाव आम्ही शेवटपर्यंत विचारले नाही. तारीख दिवाळीनंतरची ठरली. कोकणात दिवाळी झाली की पाऊस संपलेला असतो, आकाश स्वच्छ असते, म्हणून कोणाच्या मनात शंका आली नाही. तो डोंगर विषुववृत्ताच्या जेमतेम तीन अंश दक्षिणेला आहे आणि तिथे नोव्हेंबरात छोटा पावसाळा चालू असतो. मार्च ते मे मोठा पावसाळा, आणि चढाईला चांगले महिने म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर. दिवाळीनंतर गर्दी कमी असते असे तो म्हणाला होता. ते खरेच होते, फक्त त्याचे कारण त्याने सांगितले नव्हते.

आता ती बेरीज मांडते, जी मी पैसे देण्यापूर्वी मांडायला हवी होती. किलिमांजारो हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे प्रत्येक परदेशी माणसामागे फी ठरलेली आहे, ती कोणालाही कमी करून मिळत नाही. आम्ही गेलो तेव्हाच्या दराने दिवसाला ७० डॉलर संवर्धन फी, तंबूच्या प्रत्येक रात्रीला ५० डॉलर, आणि एकदाच भरायची २० डॉलर बचाव फी. सात दिवस आणि सहा रात्री धरल्या तर ४९०, ३०० आणि २० मिळून ८१० डॉलर होतात. त्यावर १८ टक्के व्हॅट धरला की ९५६ डॉलरच्या घरात रक्कम जाते. त्या वेळी डॉलर चौऱ्याऐंशी रुपयांच्या आसपास होता, म्हणजे आमच्या अठ्ठ्याण्णव हजारांतले ऐंशी हजार नुसत्या फीतच संपायला हवे होते. उरलेल्या सतरा-अठरा हजारांत दोन रात्रींचे हॉटेल, विमानतळापासूनची गाडी, सात दिवसांचे जेवण, गाईड, स्वयंपाकी, माणशी तीन तरी पोर्टर, त्यांच्या टिप आणि या गृहस्थाचा नफा बसतो का, हे चौथीतल्या मुलानेही सांगितले असते. दर स्वस्त नव्हता, तो अशक्य होता. अशक्य दर देणाऱ्याने कुठे तरी कापायचे आधीच ठरवलेले असते.

पैसे देण्याची पद्धतही तशीच. शिमग्याला वीस हजार, आंब्याचे पैसे हातात आल्यावर मे महिन्यात चाळीस, आणि उरलेले गणपतीत, सगळे यूपीआयने त्याच्या वैयक्तिक बचत खात्यावर. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याने ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा प्राप्तिकर, घेऊन तो सरकारकडे भरायचा असतो; त्या वर्षी सात लाखांपर्यंत तो पाच टक्के होता, आणि भरलेली रक्कम आपल्या नावावरच्या प्राप्तिकराच्या नोंदीत दिसते व विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. त्याने "काकू, तुमचा टीसीएस मी वाचवून देतो" असे सांगितले आणि मी, हिशेबनीस बाई, मनातल्या मनात चार हजार नऊशे रुपये वाचले म्हणून खूश झाले. वास्तविक तो भरणे त्याला शक्यच नव्हते, कारण त्याच्या नावावर सहलीचा नोंदणीकृत व्यवसाय नव्हताच. जो विक्रेता जीएसटी क्रमांकाचे बिल देत नाही आणि टीसीएस घेत नाही, तो आपले पैसे वाचवत नसून स्वतःचा माग पुसत असतो. माझ्या नोकरीतल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागू नये.

डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरातल्या हॉटेलात पोहोचलो त्या रात्री त्याचा फोन आला की पावसाने लेमोशोच्या वाटेवरचा पूल वाहून गेला आहे, म्हणून आता मारांगू मार्गाने जावे लागेल, त्या मार्गावर तंबूंऐवजी लाकडी झोपड्या असल्याने उलट सोयच होईल. बाहेर खरोखरच पाऊस पडत होता. आम्ही विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मारांगूच्या दरवाजावर नोंदवहीत सही करायला रांगेत उभे राहिलो. जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची ती वही अगदी आमच्या पतसंस्थेच्या हजेरीपटासारखी होती: नाव, वय, देश, व्यवसाय, गाईडचे नाव, आणि शेवटच्या रकान्यात दिवस. व्यवसायाच्या रकान्यात मी "निवृत्त हिशेबनीस" असे इंग्रजीत लिहीत होते, तेवढ्यात शेजारी ठेवलेल्या आमच्या परवान्यावर नजर गेली. त्यावर मार्ग मारांगू आणि दिवस पाच असे छापलेले होते. परवाना काढल्याची तारीख आम्ही मुंबईहून निघण्याच्या नऊ दिवस आधीची होती. पूल वाहून जायचा होता तो नऊ दिवसांनी. मी त्या कागदाचा फोटो काढला, आणि एवढे एकच काम त्या प्रवासात मी शहाणपणाने केले.

पाच दिवसांची फी, झोपडीचे रात्रीला ६० डॉलर धरूनही, व्हॅटसह ७२० डॉलर होते. म्हणजे माणशी २३६ डॉलर, सुमारे वीस हजार रुपये, आणि सहा जणांचे मिळून एक लाख वीस हजार त्याने या एका बदलात वाचवले. आम्हांला मात्र त्या दोन दिवसांची किंमत रुपयांत मोजायची नव्हती. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक उंच असू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा उंचीवरच्या वैद्यकाचा सर्वमान्य संकेत आहे. मारांगूवरच्या झोपड्या २७२०, ३७२० आणि ४७२० मीटरवर आहेत. पाच दिवसांच्या चढाईत माणूस रोज हजार मीटर वर झोपतो, आणि तिसऱ्या झोपडीत पोहोचल्याच्या मध्यरात्री त्याला माथ्याकडे चालायला लावतात. सहावा दिवस घेतला तर निदान होरोम्बोच्या, म्हणजे दुसऱ्या झोपडीत एक रात्र अधिक काढता येते. आम्हांला तीही मिळाली नाही.

किबोच्या, म्हणजे तिसऱ्या झोपडीत रात्री अकराला सर्वांना उठवले. माझा दीर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती बांधली जाईना. दोन्ही हातांत नाडीची टोके धरून तो त्यांच्याकडे नुसता पाहत राहिला. "वहिनी, डोकं धरवत नाही," तो म्हणाला, आणि उभा राहिला तो दारू प्यायलेल्या माणसासारखा झोकांडला. ऑक्सिमीटर मागितला तेव्हा सहायक गाईडने खिशातून काढला. करोनात आपल्याकडे घराघरांत आले होते तसलाच, आणि त्याचा सेल संपलेला. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण त्याच्या काट्याने शून्य दाखवले. सुदैवाने मुख्य गाईड अनुभवी होता. त्याने दिराला जमिनीवरच्या फळीच्या रेघेवर टाचेपुढे टाच ठेवून चालायला सांगितले, तिसऱ्याच पावलाला तो भिंतीवर गेला, आणि गाईडने दुसरा विचार न करता खाली नेण्याचा निर्णय घेतला. उद्यानाचे एका चाकाचे स्ट्रेचर आले, चार माणसांनी ते धरले आणि अंधारात, पावसात आम्ही होरोम्बोपर्यंत उतरलो. हजार मीटर उतरल्यावर पहाटे त्याने स्वतः चहा मागितला. आमच्या अठ्ठ्याण्णव हजारांपैकी जी रक्कम पूर्णपणे आमच्यापर्यंत पोहोचली ती बचाव फीची, वीस डॉलर. बाकीच्या चौघांपैकी एक जण माथ्याच्या कडेवरच्या, पण उहुरू शिखराच्या अलीकडच्या गिलमन्स पॉइंटपर्यंत गेला, तिघे वाटेतूनच परतले.

ज्या माणसांवर आधी राग काढला ती माणसे आमच्याहून अधिक फसलेली होती, हे मला खाली आल्यावर कळले. पोर्टरने वीस किलोपेक्षा अधिक ओझे नेऊ नये असा तिथला नियम आहे आणि दरवाजावर पिशव्या तोलल्या जातात. आमच्याही तोलल्या गेल्या. पण पहिल्या वळणापलीकडे तीन पोर्टर परत पाठवले गेले आणि त्यांची ओझी उरलेल्यांच्या डोक्यावर चढली. ते दिवसातून एकदाच मक्याच्या पिठाचा उगाली खात होते. तरीही येता-जाता "पोले पोले" म्हणत, म्हणजे सावकाश. शेवटच्या दिवशी दरवाजावर ते सगळे ओळीने उभे राहिले, आणि टिप तुमच्या रकमेतच दिली आहे असे मी सांगितले तेव्हा मुख्य गाईडने मान हलवली. त्याला मुंबईहून पाच दिवसांचे पैसे आले होते, टिपेचा एक शिलिंगही नव्हता. किलिमांजारोवर टिप ही चढणाऱ्याने शेवटी स्वतःच्या हाताने द्यायची असते आणि पोर्टरच्या कमाईचा मोठा भाग तीच असते. "टिप समाविष्ट" हे शब्द जिथे दिसतील तिथे ती कुणाला आणि किती, हे लेखी मागावे. आम्ही जवळ होते तेवढे डॉलर एकत्र केले आणि प्रत्येकाच्या हातात वेगवेगळे दिले. ते पुरेसे नव्हते.

विम्याचेही एक सांगायचे राहिले. त्या गृहस्थाने काढून दिलेली पॉलिसी साध्या पर्यटनाची होती आणि तिच्यात ठरावीक उंचीपलीकडची गिर्यारोहणे वगळलेली होती, त्यामुळे मोशीतल्या दवाखान्याचा खर्च दिराला स्वतःच करावा लागला. पॉलिसीत आपल्या शिखराची उंची मीटरमध्ये बसते का, हे एका फोनवर विचारता येते.

परत आल्यावर पोलिसांनी हे दिवाणी स्वरूपाचे प्रकरण आहे असे सांगून अर्ज ठेवून घेतला. ऑनलाइन व्यवहारातल्या फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, परंतु तो पैसे गेल्या गेल्या लावला तर उपयोगाचा. आमचे पैसे जाऊन महिने झाले होते. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला होता. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. सहा जणांची रक्कम एकत्र केली असती तर ती पाच लाखांवर गेली असती, म्हणून आम्ही सहा वेगवेगळ्या तक्रारी केल्या. यूपीआयच्या नोंदी, माहितीपत्रक, त्याचे संदेश आणि तो परवान्याचा फोटो एवढाच पुरावा आहे. पावती नाही, कारण आम्ही मागितली नव्हती.

नोटीस गेल्यावर त्याने प्रत्येकाला वीस हजार देऊ केले आणि सोबत संदेश पाठवला की गावातली गोष्ट गावातच मिटलेली बरी. दोघांनी ते घेतले आणि तक्रार मागे घेतली. त्यांना मी दोष देत नाही, एकाची मुलगी लग्नाची आहे. आम्ही चौघांनी घेतले नाहीत. पुढच्या तारखेला मला आणि दिराला रत्नागिरीला जायचे आहे, आणि नव्या जाहिरातीची छापील प्रत मी फायलीत लावून ठेवली आहे.