नौपाड्यातील ज्येष्ठांच्या साहित्याचे दुकान

ठाण्यात ज्येष्ठांना लागणारे साहित्य बहुतेक वेळा औषधांच्या दुकानातल्या मागच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या वेष्टनात मिळते. ते हाताळून पाहता येत नाही आणि घेणाऱ्याचे मापही कोणी घेत नाही. नौपाड्यात, गोखले रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीतील हे छोटे दुकान मात्र वेगळे आहे. काठ्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, न्हाणीघरातील स्टुले आणि भिंतीला लावायचे आधारदांडे असेच साहित्य येथे असते आणि त्यांतील मोठ्या वस्तू भाड्यानेही मिळतात. वार्धक्य आणि घरगुती वस्तूंची रचना हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे व त्यासाठी मी काही वर्षे जपानमध्ये राहिले आहे. त्यामुळे सासूबाईंना घेऊन येथे गेले तेव्हा तिथे पाहिलेल्या गोष्टींशी मनात सतत तुलना होत राहिली.

दुकानाचा खरा गुण दिसतो तो काठी देण्याच्या पद्धतीत. दुकानातील ताईंनी सासूबाईंना रोजच्या चपला घालून सरळ उभे केले आणि "आजी, हात सैल सोडा, खाली बघू नका," असे म्हणत मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ आणून उंची ठरवली. घरची जुनी काठी चांगली चार बोटे उंच निघाली. तिच्यामुळे प्रत्येक पावलाला खांदा वर उचलला जात होता आणि आम्ही मात्र त्या दुखण्यावर इतके दिवस मलम चोळत होतो. सासूबाईंचा डावा गुडघा दुखतो म्हणून त्या काठीही डाव्याच हातात धरत असत. ताईंनी ती उजव्या हातात दिली आणि डाव्या पायाबरोबर काठी पुढे टाकायची, हे दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारून दाखवले. काठीच्या टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले की ओल्या लादीवर ती सरकते. असे रबर येथे सुटे मिळते आणि जागेवरच बदलून देतात. पावसाळ्यापूर्वी एवढ्याच कामासाठी कोणी आले तरी येणे सार्थकी लागेल.

रंगरूपाच्या बाबतीत मात्र दुकान कमी पडते. जवळजवळ प्रत्येक वस्तू करड्या रंगाची किंवा चकचकीत स्टीलची आहे. सासूबाई कमोडची खुर्ची पाहून म्हणाल्या, "हे घरात ठेवलं की येणारा-जाणारा विचारणार, कोण आजारी आहे?" त्यांची ही अडचण मला अगदी रास्त वाटते. जपानमध्ये ६५ वर्षांवरील लोक एकूण लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के आहेत, आणि तिथे मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे वृद्धांची किंवा अधू नजरेच्या माणसांची सोय सर्वांच्या वापरातील वस्तूंमध्ये मिसळलेली असते. काओ या कंपनीने १९९१ पासून शाम्पूच्या बाटलीच्या कडेला बारीक खाचा ठेवल्या. डोळ्यांत फेस गेलेला असो वा नजर अधू असो, बोट फिरवले की शाम्पू कोणता आणि केसांना नंतर लावायचे कंडिशनर कोणते, हे कळते. बँकेत आणि टपाल कार्यालयात वाचायचे चष्मे ठेवलेले असतात आणि काउंटरच्या कडेला काठी अडकवण्यासाठी लहानशी खोबण असते. आपल्याकडे म्हातारे माणूस सही करताना काठी बगलेत दाबते, ती खाली पडते आणि मग वाकून उचलताना तोल जातो. या दुकानाच्या काउंटरलाही अशी खोबण नाही. ती सुताराकडून सहज करून घेता येईल.

न्हाणीघरातील स्टूल ही मला येथे सर्वांत पटलेली वस्तू आहे. जपानी माणूस टबात उतरण्यापूर्वी बुटक्या स्टुलावर बसून अंग धुतो, आणि वय झाले की तेच स्टूल थोडे उंच, हात टेकायला आधार असलेले घेतो; सवय तीच राहते, फक्त बैठक वर येते. आपल्याकडेही पाटावर बसून बादलीतले पाणी तांब्याने अंगावर घेण्याची रीत जुनीच आहे. म्हणूनच शॉवरखाली उभे राहण्याची सक्ती न करता सासूबाईंना हे स्टूल लगेच मानवले. घेताना पायांची रबरे रुंद आहेत ना आणि बैठकीला पाणी वाहून जाण्यासाठी भोके आहेत ना, एवढे पाहावे.

आधारदांड्यांपैकी हवेच्या दाबाने लादीला चिकटणारे दांडे दुकानाने ठेवूच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ते तोल सावरण्याच्या नेमक्या क्षणी सुटू शकतात. स्क्रूने पक्के बसणारे, मुठीत नीट मावतील असे सुमारे ३२ मिलिमीटर जाडीचे दांडेही येथे आहेत आणि बसवायला माणूसही येतो. नौपाड्यातील जुन्या इमारतींच्या भिंती पोकळ झालेल्या असतात, तेव्हा त्याला आधी भिंत ठोकून पाहायला सांगावे.

भाड्याचा व्यवहार सरळ आहे: डिपॉझिट, महिन्याचे भाडे आणि रीतसर पावती. जपानमध्ये एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा लागू आहे. चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो आणि गरजेची पातळी ठरली की चाकांची खुर्ची किंवा पलंग भाड्याने घेताना बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच द्यावा लागतो. साहित्याचा जाणकार घरी येऊन पाहणी करतो. दांडे बसवणे, उंबरठे काढणे अशा कामांसाठीही २ लाख येनपर्यंतच्या खर्चाला मदत मिळते. आपल्याकडे हा सगळा भार कुटुंबावर असल्याने असे भाड्याचे दुकान जवळ असणे मोठी सोय आहे. मात्र शौच आणि स्नानासाठी लागणाऱ्या, अंगाला लागणाऱ्या वस्तू जपानी विम्यात भाड्याने न देता विकतच घेतल्या जातात, फक्त त्यांच्या किमतीला मदत मिळते. येथे कमोडची खुर्चीही भाड्याने देतात. तिच्याबरोबर भांडे तरी नवे मागून घ्यावे. मी मागितले तेव्हा कुरकुर न करता दिले.

बाजारहाटाची पिशवी आणि बसायची जागा दोन्ही असलेली, ढकलत नेण्याची गाडी जपानमधल्या आजीबाई सर्रास वापरतात. ती येथे अजून आलेली नाही. जांभळी नाक्यावर भाजीला जाणाऱ्या कितीतरी जणींना ती हवी असेल, म्हणून मागवून पाहण्याची विनंती मी करून आले आहे. चाकांची खुर्ची घ्यायची असल्यास घरातील न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी मोजूनच जावे. आमचे दार फार अरुंद असल्याचे ऐकल्यावर ताईंनी खुर्ची न देता स्टूल आणि दोन दांड्यांवर भागवायला सांगितले, आणि बिल निम्म्याहून खाली आले.