टायगर १ चं १/३५ किट, चाकांनी घाम काढला

कंपनीचं नाव घेत नाही, पण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर १ रणगाड्याचं हे प्लास्टिक मॉडेल किट (खऱ्याच्या १/३५ आकाराचं) एकंदरीत चांगलं आहे. पार्ट्स नीट बसतात, फ्लॅश (कडांना राहिलेलं जादा प्लास्टिक) जवळजवळ नाही, तोफेची नळी एका तुकड्यात आहे त्यामुळे जोड घासत बसायची कटकट वाचली. तयार झाल्यावर नळी धरून साधारण २४ सेंटीमीटर लांब होतं.

खरी परीक्षा चाकांची. टायगरची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणजे आतली रांग आधी रंगवून मगच बाहेरची लावायची, मी घाईत सगळी चिकटवून टाकली आणि मग तीन शून्य नंबरच्या ब्रशने फटीतून रबराच्या कडा काळ्या करत बसलो, दोन संध्याकाळी गेल्या त्यात. ट्रॅक (चाकांभोवतीचा साखळीसारखा पट्टा) सुट्या कड्यांचा, एका बाजूला ९६. कंटाळवाणं आहे खरं, पण वरच्या बाजूला चाकांवर टेकलेली ती झोळ अखंड रबरी ट्रॅकमध्ये कधीच येत नाही.

तक्रार एकच. बॉक्सवरच्या चित्रात झिमेरिट आहे (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून १९४३ पासून लावायचे तो खरखरीत लेप) आणि आत प्लास्टिक गुळगुळीत! शेवटी पुट्टी थापून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने रेघा ओढल्या.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-आकडे) पातळ आहेत, खाली ग्लॉस वार्निश मारा नाहीतर कडा चंदेरी दिसतात. आणि रणगाड्याचा पिवळा रंग थोडा फिकटच ठेवा, वॉशने (वरून मारायच्या पातळ गडद रंगाने) गडद होतो. पहिलंच मॉडेल असेल तर मात्र हे नको, साध्या चाकांचा टी-३४ हा सोव्हिएत रणगाडा घ्या.