पावतीवर फक्त ‘झाडे व मजुरी’

सासवडच्या पुढे आमची तीन गुंठे जागा आहे. आम्ही दोघं पुण्यात राहतो, पंधरा दिवसांतून एकदा तिकडे जाणं होतं. जमीन मुरमाड आणि बोअर एप्रिलमध्येच आटतं. म्हणून कमी पाण्यात, कमी राबणुकीत टिकेल अशी बाग हवी होती. जून 2023 मध्ये हे काम एकाला दिलं आणि त्यात आमचे 62,000 रुपये गेले. पावसाच्या तोंडावर कुणी झाडं लावायच्या विचारात असेल, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

माणूस गोड बोलणारा. माती हातात घेऊन चुरडून बघितली आणि म्हणाला, “ताई, मेंटेनन्स-फ्री करून देतो. लावायचं आणि विसरून जायचं. वर्षभराची गॅरंटी.” वहीत नावं लिहिली: बहावा, पारिजातक, तगर, सोनचाफ्याची कलमं, कडेनं मेंदीचं कुंपण. यादी खरोखर चांगली होती, म्हणूनच आम्ही विश्वास ठेवला. ती वही मात्र त्याच्याच खिशात गेली. टेम्पो आला तेव्हा आम्ही पुण्यात होतो. रविवारी गेलो तर सगळं लावून झालेलं, हिरवंगार. उरलेले पैसे दिले. पावतीवर ‘झाडे व मजुरी’ एवढंच, ना नावं ना संख्या.

कुंपणाला मेंदी नव्हतीच, कोनोकार्पस नावाच्या परदेशी झाडाची साठ रोपं होती. विचारलं तर म्हणाला, “मेंदीपेक्षा भारी, ताई, बघता बघता भिंत होईल.” भिंत झाली. पण हे झाड जितक्या वेगानं वर जातं तितक्याच वेगानं मुळं पाणी शोधत पसरतात. आमच्या शोषखड्ड्याच्या पाइपात ती शिरली आणि पाइप फुटला. आम्ही लावलं त्याच वर्षी गुजरात सरकारनं या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे होणारा सर्दी-खोकला आणि दमा, मुळांमुळे गटारांचं आणि केबलचं होणारं नुकसान, ही त्यामागची कारणं. आम्हाला हे पाइप फुटल्यावर कळलं.

सोनचाफ्याचे कलमाच्या भावानं पैसे घेतले, नगाला 450 रुपये. कलमाच्या खोडावर, मातीपासून थोडं वर, जोड दिसतो, बहुतेकदा पट्टीही असते. आमच्या सहाही रोपांचं खोड जमिनीतून सरळसोट वर आलेलं. ती बियांची रोपं, फुलायला वर्षानुवर्षं लागणार. बहावा म्हणून आला तो कासोद. दोन्हींची फुलं पिवळी, पण बहाव्याची झुंबरं खाली लोंबतात, कासोदचे तुरे वर उभे राहतात. रोपात फूल नसतं, तेव्हा पान बघायचं: बहाव्याचं मोठं आणि रुंद, कासोदचं लहान आणि लांबट.

सगळ्यात वाईट वाटलं ते तगर आणि पारिजातकाचं. ही चिवट झाडं, ती कशी मरतील? ऑक्टोबरात वाळायला लागली तेव्हा एक उपटून पाहिलं. पिशवीच्या आकाराचा लाल चिकणमातीचा गोळा जसाच्या तसा, विटेसारखा घट्ट. एकही मूळ बाहेर मुरमात गेलेलं नाही. आंध्रातल्या कडियम भागातून अशा लाल मातीतली रोपं ट्रक भरभरून येतात, त्यात गैर काही नाही. पण लावण्याआधी तो गोळा पाण्यात भिजवून माती सैल करावी लागते. इथे मजुरी घेतली आणि नुसती पिशवी फाडून खड्ड्यात ठेवलं. तगरीच्या चार पिशव्यांत तर मुळंच नव्हती, नुसत्या फांद्या खोचलेल्या.

फोन केला तर आधी “पाणी जास्त झालं”, पुढच्या महिन्यात “पाणी कमी पडलं”, नंतर फोन उचलणंच बंद.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शनही मिळतं, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आम्ही वेळेत विचारलं. वकिलांनी पावती बघितली आणि म्हणाले, मेंदी ठरली होती हे सिद्ध कशावरून करणार? म्हणून कळकळीनं सांगते, नावं, संख्या, कलम की रोप आणि मेल्यास बदलून देण्याची अट, हे सगळं पावतीवर घ्या. निदान यादी त्यालाच व्हॉट्सअॅपवर पाठवायला लावा. टेम्पो उतरताना स्वतः हजर राहा आणि दोन-तीन पिशव्या फोडून मुळं बघा. आणि मेंटेनन्स-फ्री झाड नसतंच. चिवटातलं चिवट झाडही पहिले दोन उन्हाळे आठवड्याचं पाणी आणि बुडाशी पालापाचोळा मागतं.

शेजारच्या मळ्यातल्या आजी म्हणाल्या, “बाई, आधी बांधाला काय जगतंय ते बघायचं.” त्यांच्या बांधाला अडुळसा, निर्गुडी आणि घायपात. कुणी पाणी घालत नाही, शेळ्याही अडुळशाला आणि निर्गुडीला तोंड लावत नाहीत. त्यांनीच फांद्या तोडून दिल्या, फुकट. यंदाच्या पावसात त्या लावल्या आणि बहुतेक सगळ्या फुटल्या.

कोनोकार्पस अजून काढतोच आहोत, साठातले अठ्ठावीस झाले. नुसतं खोड तोडलं तर बुडातून पुन्हा फुटतं, म्हणून मुळासकट खणावं लागतं, आणि त्याची मजुरी लावणीपेक्षा जास्त चालली आहे.