मोसंबी लावावी की भाजीपाला करावा? आधी मे महिन्यातलं पाणी मोजा

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. “मामा, सोयाबीनला कंटाळलो. ठिबक टाकलंय, शेततळंही झालंय. दोन एकर मोसंबी लावू का टोमॅटो-मिरची करू?” त्याचं रान जालना जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यात, माझं अंबडला. त्याच्याकडं चार एकर, एक विहीर, घरात राबणारे नवरा-बायको आणि म्हातारी आई. हाच प्रश्न आमच्या भागात पारावर बसलं की रोज निघतो. त्याला फोनवर जे अर्धवट सांगितलं ते इथं नीट लिहितो.

देशाचा ओघ फळा-भाज्यांकडं आहे, हे खरंच आहे. २०१२-१३ पासून फलोत्पादनाचा आकडा अन्नधान्याच्या पुढं गेला. आता ते वर्षाला ३५ कोटी टनांच्या घरात आहे, त्यातल्या भाज्याच २१ कोटी टनांच्या आसपास आणि फळं ११ कोटी टन. आपल्या राज्यात १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि जालना-पैठण-अंबड पट्ट्यात मोसंबी पसरली ती तेव्हापासून. आमच्या वडिलांनी पहिली रोपं त्याच योजनेत लावली. पण देशात काय वाढतंय यावर बदनापूरच्या चार एकरांचा निर्णय करू नये. तो करावा उन्हाळ्यातल्या पाण्यावर आणि घरात राबणाऱ्या हातांवर.

पाण्याचा हिशेब

६ बाय ६ मीटरवर एकरी १११ झाडं बसतात. भर बहरातलं मोठं झाड उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटर तरी पितं, मे महिन्यात त्याहून जास्त. १०० दिवस धरले तर एकरी ११ लाख लिटर झालं. आता शेततळं बघा. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, काठाला उतार धरून साधारण २२ लाख लिटर मावतं. आकडा मोठा वाटतो, पण उघड्या पाण्यावर आपल्याकडचं ऊन आणि वारा आहे. फेब्रुवारी ते जून या काळात त्यातलं सहा-सात लाख लिटर नुसतं उडून जातं. उरलं १५ लाख. म्हणजे एका शेततळ्यावर एक एकर मोसंबी, तीही तळं काठोकाठ भरलं असेल तर. दोन एकर लावायची तर विहिरीनं मे महिन्यात साथ द्यायला हवी.

माझ्याकडं तीन एकरांत ३३० झाडं होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जायकवाडी धरण तळाला गेलं, डावा कालवा कोरडा पडला. मार्चमध्ये झाडावरची बोराएवढी फळं आम्ही स्वतःच्या हातानं तोडून टाकली, म्हणजे झाड तरी जगावं. फांद्या छाटल्या, बुडाशी उसाचं पाचट अंथरलं, दर चौथ्या दिवशी टँकर विकत घेतला. जूनमध्ये मोजली तेव्हा हिरवी उरलेली झाडं ९४ होती. बाकीची मुळासकट काढायलाही पैसे लागले. बारा वर्षांची झाडं होती ती. त्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात अशा बागा गावोगाव वाळल्या.

भाजीपाल्याचं इथंच वेगळं आहे. सप्टेंबरात टोमॅटो लावला की ६०-७० दिवसांत तोडा सुरू होतो आणि ऊन तापायच्या आत प्लॉट संपतो. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी लावायचंच नाही, किंवा अर्धा एकरच करायचा. झाडाला असं थांब म्हणता येत नाही. मिरचीच्या बाबतीत मात्र सावध राहा. भोकरदन-सिल्लोडकडं मेमध्येच मल्चिंगवर (प्लास्टिकच्या आच्छादनावर) लागण करतात, म्हणजे तिलाही ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं.

हातांचा हिशेब

मग सरळ भाजीपालाच करावा? नाही. एकरभर टोमॅटोला बांबू, तार, सुतळी, मल्चिंग, रोपं, फवारण्या धरून लाख-सव्वा लाख सहज जातो, आणि तो सगळा फळ दिसायच्या आधी. वर दर तीन-चार दिवसांनी तोडा. तोड्याला आठ-दहा बाया लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळ्यांचा कापूस फुटलेला असतो. पहाटे तोडलेला माल निवडायचा, क्रेट भरायचे, रात्री गाडीत टाकायचे आणि उजाडायच्या आत हर्राशीला (लिलावाला) हजर राहायचं. मिरचीवर बोकड्या (पानं आकसणारा रोग) आला तर दोन आठवड्यांत प्लॉट हातचा जातो. भाच्याची बायको दोन लेकरं आणि सासूचं दुखणं सांभाळून हे किती दिवस करील, हा प्रश्न मी त्याला सरळ विचारला. भाजीपाल्याच्या नफ्यात घरच्या बाईची मजुरी कोणी धरत नाही. ती धरली की वहीतले बरेच आकडे बदलतात.

मोसंबीला ताण देणं (काही दिवस पाणी तोडणं), बहर धरणं, सल म्हणजे वाळक्या काड्या काढणं, बुंध्याला बोर्डोपेस्ट लावणं, कोळी आणि फळगळीवर लक्ष ठेवणं हे आहेच. पण रोजची धावपळ नाही, आणि तोडणी व्यापाऱ्याची माणसं करतात. घरात हात कमी असतील तर बाग बरी. फक्त पहिली चार-पाच वर्षं ती काही देत नाही. तोवर दोन ओळींच्या मधे मूग, उडीद, हरभरा, मेथी घ्यावी. वेलवर्गीय भाज्या झाडावर चढतात, त्या नको.

दराचं काय

टोमॅटोचा दर मी कोणालाच सांगत नाही. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव होता. तो बघून लावलेला माल सप्टेंबरात लोकांनी रस्त्यावर ओतला. आज दर चढा आहे म्हणून लावायचं ठरवाल, तर तुमच्यासारखं आणखी हजारांनी ठरवलेलं असतं. भाजी करायचीच तर एकाच पिकाचा एकर नको. दहा-दहा गुंठे, पंधरा दिवसांच्या अंतरानं.

मोसंबीचे दरही पडतात, पण फळ झाडावर काही दिवस थांबतं आणि तेवढा सौदा करायला वेळ मिळतो. यात एक खाच आहे. बाग उक्ती (सगळी फळं ठोक) देताना विसार घेऊन कागद केला नाही, तर दर पडले की माणूस परत येत नाही. आमच्याकडं एकदा असंच झालं. २५ हजार विसार देऊन गेलेला व्यापारी पुन्हा फोन उचलेना आणि तोवर फळ गळू लागलं. पाचोडच्या बाजारात स्वतः माल नेऊन बघा, एकदा तरी. दर कसा ठरतो ते कळतं आणि पुढच्या सौद्यात तोंड उघडता येतं.

रोप आणि जमीन

बाग लावायची ठरलीच तर तीन फूट खड्डा घेऊन बघा. खाली मुरूम हवा. तळाला चिकण काळी माती किंवा चुनखडी लागली तर तिथं मोसंबीचा हट्ट सोडा. माती तपासून घ्या, बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, तिथं दाखवा. रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेलं न्यूसेलर जातीचं रोप घ्या आणि कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर बांधलेला आहे ना, हे प्रत्येक रोपाला हात लावून पाहा. दुष्काळानंतर मी एका खासगी रोपवाटिकेतून घाईनं रोपं आणली. डोळा पार खाली होता, लावताना तो मातीत गेला. पाचव्या वर्षी, पहिला बहर धरला आणि बुंध्याला डिंक सुटला, म्हणजे डिंक्या रोग. रोपात वाचवलेले पैसे आणि पाच वर्षं, दोन्ही गेली.

तिसरं झाड

पाणीही नाही आणि हातही नाहीत, अशांसाठी सीताफळ. ते उन्हाळ्यात पानं गाळून झोपतं, म्हणून पाणी मागत नाही. बालाघाटच्या डोंगरात बीड-धारूरकडं ते आपोआप वाढलंय, शेळ्याही तोंड लावत नाहीत. अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे. अडचण एकच, फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडतं. गिऱ्हाईक आधी ठरलेलं हवं.

भाच्याला मी असं सांगितलं: वरच्या मुरमाड तुकड्यात एक एकर मोसंबी, त्याहून एक झाडही जास्त नको. विहिरीजवळ वीस गुंठे भाजी, फक्त रब्बीत, बायकोला विचारून. बांधाला सीताफळ. उरलेल्या रानात सोयाबीन-तूर राहू दे, त्यावर घर चालतं.

तो म्हणाला, “मामा, मग याच जूनमध्ये खड्डे घेतो.”

म्हटलं, थांब. येत्या १५ मेला सकाळी मोटार चालू कर, किती वेळात विहीर आटते ते घड्याळ लावून बघ. मग दोर सोडून दुसऱ्या दिवशी किती हात पाणी आलं ते मोज. आकडा लिहून ठेव आणि मला फोन कर. खड्डे त्यानंतर.