जुन्या एमजीबीसाठी एसयूचा नवा इंधन पंप : बसवल्यानंतरचा अभिप्राय

एमजीबीसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचा इंधन पंप गळू लागला असेल, तर कोणत्याही गाडीला चालतो असे सांगून विकला जाणारा स्वस्त पंप न घेता एसयू या जुन्या ब्रँडचा मूळ घडणीचा पंपच बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या गाडीला मी एझेडएक्स 1307 या क्रमांकाचा एसयू पंप बसवला. एसयूचे पंप आणि कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) आज इंग्लंडमधील सॉल्सबरीची बर्लेन ही कंपनी बनवते. जुन्या पंपाच्या जागी नवा जसाच्या तसा बसतो. पंप धरणारा ब्रॅकेट, नळ्या किंवा वायरिंग बदलावे लागत नाही.

या शिफारशीमागे खरे कारण दाबाचे आहे. एसयू पंपातील विद्युत कॉइल पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ओढून घेते आणि पेट्रोल आत येते. मग पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क, उघडतात, कॉइलचा प्रवाह तुटतो आणि स्प्रिंग पडद्याला परत ढकलून पेट्रोल पुढे पाठवते. म्हणजेच पुढे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब कॉइल नव्हे, तर ती स्प्रिंग ठरवते, आणि तो साधारण 3 पीएसआयच्या (दर चौरस इंचावर 3 पौंडांच्या) आसपास राहतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधील, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या छोट्या कप्प्यातील, सुईची झडप बंद झाली की पंप आपोआप थबकतो. याच्या दुप्पट दाबाचा पंप बसवला, तर ती बारीक झडप तग धरत नाही, पेट्रोल ओसंडून गरम इंजिनावर सांडू शकते, आणि मागे पंपाजवळची गळती थांबवण्याच्या नादात पुढे अधिक धोकादायक गळती सुरू होते. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप याहून कितीतरी जास्त दाबाचे असल्याने तर येथे पूर्णपणे निरुपयोगी आहेत.

पंप बदलण्यापूर्वी गळती नेमकी कोठे आहे, हे पाहणे महत्त्वाचे आहे. बहुतेक वेळा पडदा कडक होऊन चिरतो किंवा पंपाचे दोन भाग जोडणाऱ्या कडेतून पेट्रोल पाझरते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबराची झीज आणखी लवकर होते. परंतु काही वेळा पंप निर्दोष असतो आणि जोडणीच्या बोल्टखालचा फायबरचा वॉशर किंवा तडकलेला होज (रबरी नळी) गळत असतो. पंप कोरड्या फडक्याने पुसून, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केले की ओल सर्वप्रथम कोठे दिसते, ते पाहावे. हे उघड्या हवेत, कोणतीही ज्योत किंवा ठिणगी जवळ नसताना करावे.

काम अवघड नाही, पण जागा गैरसोयीची आहे. पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो आणि तेथे वर्षानुवर्षे चिखल बसलेला असतो, म्हणून बोल्टांना आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे. बॅटरी आधी सोडावी. टाकीत पेट्रोल कमी असताना काम करावे आणि टाकीकडून येणारा होज बंद करून घ्यावा, नाहीतर जोड सुटताच पेट्रोल हातावर येते. गाडी केवळ जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर असावी, हे वेगळे सांगायला नको. फायबरचे वॉशर प्रत्येक वेळी नवेच घालावेत आणि होजही इथेनॉल सोसणारे, आर 9 दर्जाचे घ्यावेत. नव्या पंपाला जुना होज लावणे ही खोटी बचत आहे.

अर्थिंगच्या वायरीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. पंप रबराच्या आधारावर बसतो, त्यामुळे त्याचा धातू बॉडीला थेट टेकत नाही आणि विजेचा प्रवाह या वायरीनेच बॉडीत परत जातो. ही वायर गंजलेली असेल, तर अगदी नवा पंपही मंद चालतो आणि दोष पंपाचाच वाटतो. वायरीचे टोक आणि बॉडीवरचे ठिकाण दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासावेत.

बसवल्यावर इग्निशन चालू केले की आधी जलद टकटक ऐकू येते, फ्लोट चेंबर भरत आले की ती मंदावते आणि मग थांबते. टकटक थांबतच नसेल, तर टाकीकडील बाजूने हवा आत येत आहे किंवा कोठेतरी पेट्रोल निसटत आहे, असे समजावे. माझ्या गाडीत ती स्वच्छपणे थांबली आणि कडेला ओलीचा मागमूस राहिला नाही. कानाला दोष सांगणारा असा भाग आधुनिक गाड्यांत सापडत नाही, आणि हा पंप मला मनापासून आवडण्याचे तेही एक कारण आहे.

पॉइंटचा पंप घ्यावा की पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असलेला, हे गाडीच्या वापरावर ठरते. पॉइंट झिजतात आणि गाडी दीर्घकाळ उभी राहिली की त्यांवर थर चढतो. त्यामुळे क्वचित बाहेर पडणाऱ्या गाडीला इलेक्ट्रॉनिक पंप अधिक विश्वासार्ह ठरतो. तो घेताना ध्रुवता जरूर तपासावी : 1967 पर्यंतच्या एमजीबीमध्ये धन अर्थिंग होते, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, नंतरच्या गाड्यांत ऋण आहे, आणि मधल्या काळात कोणी वायरिंग उलटवलेही असू शकते, म्हणून बॅटरीची जोडणी प्रत्यक्ष पाहूनच मागणी नोंदवावी. काढलेला पंप भंगारात देऊ नये. त्याचे धातूचे अंग शाबूत असेल, तर पडदा, झडपा आणि पॉइंट यांचा दुरुस्ती संच मिळतो, आणि तो पंप पुन्हा वापरण्याजोगा होतो.