झेल्यासाठी मनगटं: घरगुती रोलर एक हंगाम वापरल्यावर

देवगड भागात आमची हापूसची कलमं आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब काठी, आमच्याकडे चालतो. आंबा देठासकट कापला जाऊन जाळीत पडतो, पण काठीच्या दुसऱ्या टोकाला तो तोलून धरायचा मनगटानेच. आंबा पाव किलोचा का असेना, लांब काठीमुळे त्याचा भार कितीतरी पटीने जाणवतो. मे महिन्यापर्यंत कोपराची बाहेरची बाजू ठणकायला लागते, हे बागायतदारांना सांगायला नको.

म्हणून गेल्या पावसाळ्यात व्यायाम सुरू केला. आधी स्प्रिंगचा हँड ग्रिपर आणला. खाऱ्या हवेत त्याची स्प्रिंग गंजली आणि मुठीच्या फोमला बुरशी आली. पण गंजला नसता तरी मी तो कुणाला सुचवला नसता. त्याने मुख्यतः मूठ आवळणारे स्नायू तयार होतात. झेला धरताना मनगट सरळ ठेवतात ते हाताच्या पाठीकडचे स्नायू. मनगट खाली वाकवून मूठ घट्ट आवळून बघा, जोरच लागत नाही. ठणका उठतो तोही याच पाठीकडच्या स्नायूंच्या कंडऱ्यांत, जिथे त्या कोपराच्या हाडाला चिकटतात.

मग रोलर, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन मनगटाने गुंडाळत वर घ्यायचा दांडा, घरीच केला. हातभर पीव्हीसी पाईप, मधोमध भोक, त्यातून बंदरावर मिळते ती नायलॉनची दोरी आणि खाली पाण्याची बाटली. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं कमीजास्त करता येतं. घामाने पाईप निसटतो, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. गंजण्यासारखं यात काही नाही, हे कोकणात फार मोलाचं!

तळवे खाली ठेवून पाईप धरायचा. दोरी पाईपच्या पलीकडच्या बाजूने लोंबू द्यायची आणि मोटरसायकलला रेस देतो तसं मनगट आळीपाळीने वळवत बाटली वर घ्यायची. दोरी आपल्या बाजूने लोंबवली की काम तळव्याकडच्या स्नायूंवर जातं. खरा फायदा बाटली खाली सोडताना आहे. ती सावकाश, मनगटाने रोखत उतरवायची. बहुतेक जण इथेच दोरी सोडून देतात, याची मला फार हळहळ वाटते. खांदे आधी दमत असतील तर कोपरं टेबलावर टेकवा.

जोडीला हातोडी. दांड्याचं टोक धरून हात हळू उताणा-पालथा करायचा. झेल्याला पीळ द्यावा लागतो, त्यासाठी याचा उपयोग रोलरपेक्षाही जास्त झाला.

फरक लगेच दिसत नाही. स्नायू लवकर बळावतात, कंडऱ्यांना महिने लागतात, म्हणून वजन वाढवायची घाई नको. दिवाळीपर्यंत मला विशेष काही जाणवलं नव्हतं. यंदा मात्र दुपारपर्यंत काठी डुगडुगली नाही आणि मे महिन्यातही कोपर शांत राहिलं. वय झालेल्या, आधीच दुखणं असलेल्या माणसाला इतकं जमेलच असं मी म्हणणार नाही. अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. तेव्हा रोलर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

आंबे उतरवायच्या दिवसांत मी रोलर हातात घेत नाही. जून लागला, झेले माळ्यावर गेले, की अर्ध्या बाटलीपासून पुन्हा सुरुवात.