जुनं स्टायर एलपी-२ कॉम्पॅक्ट: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यानंतरचा अनुभव

वयाच्या चाळिशीत १० मीटर एअर पिस्तूल शिकायला येणाऱ्यांना रेंजवर हमखास एक सल्ला मिळतो: घ्यायचंच तर पूर्ण लांबीचं घ्या, कॉम्पॅक्ट लहान मुलांसाठी असतं. मी तो ऐकला, त्यावर बराच विचार केला आणि तरीही दिवाळीनंतर स्टायरचं एलपी-२ कॉम्पॅक्ट सेकंडहँड घेतलं. आता पावसाळाही सरत आलाय. आठवड्यातून तीन-चार दिवस हे पिस्तूल हातात असतं, क्लबच्या दोन छोट्या मॅचेसही त्यावर झाल्या. बारीक मनगटाच्या, छोट्या पंजाच्या आणि नोकरी सांभाळून सराव करणाऱ्या माणसासाठी कॉम्पॅक्ट ही तडजोड नाही, असं माझं मत झालंय. ते का झालं आणि जुनं पिस्तूल घेताना काय बघावं, ते सविस्तर लिहिते.

आधी पिस्तुलाविषयी. स्टायर ही ऑस्ट्रियाची कंपनी. एलपी-२ हे दाबाखालच्या हवेवर चालणारं, ४.५ मिमीचा एकेक छर्रा भरून मारायचं स्पर्धेचं पिस्तूल आहे. स्टायरच्याच एलपी-१० मध्ये आत एक सरकणारं वजन असतं, ते शॉट सुटताना बसणारा धक्का शोषून घेतं. एलपी-२ मध्ये ते नाही, त्यामुळे आतली रचना साधी आणि किंमत कमी. कॉम्पॅक्टमध्ये बॅरल म्हणजे नळी आणि हवेचा सिलिंडर दोन्ही आखूड. स्पर्धेच्या नियमांत पिस्तूल जास्तीत जास्त १५०० ग्रॅमचं असावं, ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावावं आणि ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा. किमान लांबी किंवा किमान वजन कुठेच सांगितलेलं नाही. म्हणजे कॉम्पॅक्ट घेऊन राज्य स्पर्धेलाच काय, राष्ट्रीय स्पर्धेलाही उभं राहता येतं. हे नव्या लोकांना बऱ्याचदा माहीतच नसतं.

माझं पिस्तूल एका कॉलेजातल्या मुलाचं होतं. उंची वाढली, पंजा मोठा झाला, त्यानं लांब पिस्तूल घेतलं. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मला मिळालं. ४.५ मिमीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही (या पिस्तुलांची ताकद साधारण ६ ज्यूल असते). पण मूळ बिल, विकणाऱ्याचं सहीचं पत्र आणि स्वतःचं ओळखपत्र पिस्तुलाच्या केसमध्ये ठेवाच. दिसायला ते पिस्तूलच आहे, बसमध्ये किंवा स्टेशनवर बॅग उघडायला लावली तर कागद हाताशी असलेले बरे.

घेण्याआधी रेंजवर नेऊन मारून बघितलं आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते: न मारता घेऊ नका. फोटोत पिस्तूल चकाचक दिसतं. खरं काय ते सिलिंडरवर आणि ट्रिगरमध्ये कळतं. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात आणि मुदत संपलेला सिलिंडर नसण्याची जबाबदारी नेमबाजाचीच, असं नियमच सांगतो. २०० बारच्या दाबाची हवा तुमच्या हनुवटीपासून हातभर अंतरावर असते, त्यामुळे ही तारीख म्हणजे नुसता कागदी सोपस्कार समजू नका. माझ्या सिलिंडरची अजून दोन वर्षं शिल्लक होती. तेवढं बघून किमतीत घासाघीस केली, कारण नवा सिलिंडर स्वस्तात येत नाही.

मग ट्रिगर. स्पर्धेत तपासताना पिस्तूल नळी वर करून उभं धरतात आणि ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवून उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद. क्लबमधलं वजन आणून लावलं, तर ट्रिगर पटकन सुटला. आधीच्या मालकानं तो फारच हलका करून ठेवला होता. ते स्क्रू फिरवून नीट करता येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण बघितलं नसतं तर थेट मॅचच्या दिवशी कळलं असतं. आता मी तो ५०० च्या थोडा वर ठेवलाय, कारण काठावर ठेवलेला ट्रिगर उन्हाळ्यात एक आणि थंडीत दुसराच भासतो. पहिला टप्पा जड आणि दुसरा अगदी हलका, अशी विभागणी माझ्या बोटाला मानवली. ट्रिगर यांत्रिक आहे, त्यात बॅटरी किंवा सर्किट नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ असतो, मी वापरून पाहिलाय, सुंदर वाटतो. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, वेळ गेला आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या स्थानी राहिली, फायनल दोन गुणांनी हुकली. तिच्यासारखी नेमबाज तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेऊन उभी राहते. माझ्यासारखीला साधा, समजणारा, स्वतः खोलून पुसता येणारा ट्रिगरच बरा.

आता मुख्य मुद्दा, लांबीचा. साईट रेडियस कमी झाला की नेम चुकतो, असं सगळे म्हणतात. साईट रेडियस म्हणजे पुढची साईट आणि मागची खाच यांतलं अंतर. गणित करून बघू. हे अंतर ३०० मिमी धरलं आणि पुढची साईट खाचेत १ मिमी बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा साधारण ३३ मिमी बाजूला लागतो. टार्गेटच्या काळ्या भागाची त्रिज्या जेमतेम ३० मिमी आहे, म्हणजे शॉट थेट सहात. याउलट साईट अगदी बरोबर जुळलेल्या आहेत आणि अख्खा हातच ५ मिमी बाजूला सरकलाय, तर छर्राही ५ मिमीच सरकतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आहे, तेव्हा तो दहाच. कोच वर्षानुवर्षं ‘टार्गेट बघू नका, पुढची साईट बघा’ असं का ओरडतात, ते या दोन आकड्यांत आहे. आता हेच अंतर ३०० ऐवजी ३३० मिमी केलं, तर ३३ मिमीची चूक ३० वर येते. फरक दहा टक्क्यांचा. तो खोटा नाही, पण माझ्या चुका काही दहा टक्क्यांच्या नव्हत्या. क्लबचं लांब पिस्तूल घेऊन चाळिसाव्या शॉटनंतर माझं मनगट खाली झुकायला लागायचं आणि साईट एकदा झुकली की सात, सहा, पुन्हा सात. ७५ मिनिटांत ६० शॉट आणि त्याआधीचे सायटर (गुण न धरले जाणारे सरावाचे शॉट) म्हणजे जवळपास किलोभर वजन शंभरएक वेळा खांद्यापर्यंत उचलायचं. आखूड पिस्तुलाचं वजन हाताच्या जवळ राहतं, पुढे लोंबत नाही. पहिल्या सिरीजला (एक सिरीज म्हणजे दहा शॉट, शंभरपैकी गुण) जी पकड असते तीच सहाव्या सिरीजला राहते. माझ्यासाठी सगळा फायदा इथे आहे. आधी शेवटच्या दोन सिरीज ८० च्या आसपास कोसळायच्या, आता त्या पहिल्या दोनांच्या बरोबरीनं ८९, ९० अशा येतात. पहिल्या सिरीजमध्ये मोठी वाढ झालेली नाही आणि ती पिस्तूल बदलून होईल असं मला वाटतही नाही.

आखूड बॅरलचा अजून एक गुण: छर्रा लवकर बाहेर पडतो. ट्रिगर सुटल्यावर हात स्थिर ठेवायचा तो काळ किंचित कमी होतो. फरक मिलीसेकंदांचा असला तरी शॉट सुटताच हात खाली घेण्याची सवय असलेल्यांना तेवढी मदत होते. सवय मात्र मोडावीच लागते.

हलक्या पिस्तुलाचा त्रासही आहे. जड पिस्तूल हळू डोलतं, हलकं पिस्तूल भराभर थरथरतं. पहिले काही आठवडे पुढची साईट खाचेत एका जागी राहीना, मी योग्य क्षणाची वाट बघत बसायची आणि शेवटी ट्रिगर झटक्यात ओढायची. आमचे सर मागून म्हणायचे, “ताई, थरथर राहणारच. बोट थांबवू नका, चालू ठेवा.” हलकं पिस्तूल झटका अजिबात माफ करत नाही, लगेच सात दाखवतं. शिवाय धक्का शोषणारं वजन नसल्यानं शॉट सुटल्यावर नळी थोडी उडते. छर्रा तोवर निघून गेलेला असतो, त्यामुळे ग्रुप (टार्गेटवर छर्र्यांचा पडणारा पुंजका) बिघडत नाही, पण एलपी-१० मारून आलेल्याला ते जाणवेल. घरी भिंतीसमोर, छर्रा न भरता ड्राय फायर करत राहिल्यावरच हे जमलं. तशी सोय पिस्तुलात आहे, हवा खर्च होत नाही.

ग्रिपवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि गेलाच पाहिजे. लाकडी ग्रिप आधीच्या मालकाच्या हातासाठी घासलेली होती. त्याचा अंगठा जिथे बसायचा, तिथे माझ्या अंगठ्याखाली पोकळी राहायची आणि मी नकळत घट्ट आवळायची. आवळलं की शॉट डावीकडे खाली. रेंजवर पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या आर्मरर काकांनी पुट्टी लावून ती पोकळी भरली, मी ओल्या पुट्टीवर हात ठेवून ठसा घेतला, मग वाळल्यावर कानस आणि पॉलिश पेपर. हे एका बैठकीत होत नाही. थोडं घासा, मारा, परत घासा. तळव्याखालचा आधार वर-खाली करता येतो, पण तो इतका वर घेऊ नका की हात चेपला जाईल. आणि ग्रिपनं मनगटाला कुठूनही आधार देता कामा नये, तसा असेल तर पिस्तूल तपासणीत अडकतं. ग्रिप जुळल्याची माझी खूण अशी: डोळे मिटून हात उचलायचा, डोळे उघडायचे, पुढची साईट खाचेच्या मधोमध असली पाहिजे. बूट जसा पायाला, तशी ग्रिप हाताला. उत्तम पिस्तूल आणि परकी ग्रिप यापेक्षा साधं पिस्तूल आणि आपली ग्रिप मी केव्हाही घेईन.

चाळिशीच्या चष्म्याचं म्हणाल तर वाचायच्या नंबरानं टार्गेट अगदीच धुकट होतं आणि लांबच्या नंबरानं साईट धुकट. लांबच्या नंबरात साधारण +०.५० वाढवून केलेली काच मला चालली. डॉक्टरांकडे जाताना हात लांब केल्यावर पुढची साईट डोळ्यापासून किती अंतरावर येते ते मोजून न्या, त्यांना नेमकं काम करता येतं.

पावसाळ्याचं मात्र नीट ऐका. जूनमध्ये सिलिंडरचा काटा रात्रीतून खाली यायला लागला. आधी रात्री २०० बार, सकाळी १७०. पिस्तुलाच्या तोंडाशी साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा नाही. सिलिंडर काढून पाण्याच्या बादलीत धरला, तेव्हा झडपेपाशी बारीक बुडबुडे दिसले. आत ओल गेलेली आणि रबरी ओ-रिंग कडक झालेली. पिस्तुलाच्या बनावटीचा यात दोष नव्हता. आधी ते बराच काळ हातपंपानं भरलं जात होतं आणि सिलिंडर रिकामा करून कपाटात पडून होता. पावसाळ्यात हातपंप दमट हवा आत कोंबतो, पंपाला सुकवणारा फिल्टर नसेल तर ते पाणी सिलिंडरमध्येच साचतं. ओ-रिंग बदलली, काही रुपयांची वस्तू, आणि गळती थांबली. तेव्हापासून मी क्लबच्या मोठ्या स्कूबा सिलिंडरमधूनच सावकाश हवा भरते, सिलिंडर कधीच पूर्ण रिकामा करत नाही. एकदा भरला की आखूड सिलिंडरही मॅच आणि सायटर मिळून सहज पुरतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, घरी आल्यावर नळी आणि स्क्रूंवर तेलाचा हात. ग्रिपचं लाकूड जुलैत थोडं फुगलं, तेव्हा लगेच कानस हातात घेऊ नका, ऑक्टोबरमध्ये ते परत बसतं.

छर्रे कुठलेही चालतात हा गैरसमज आहे. सपाट डोक्याचेच हवेत आणि डोक्याच्या व्यासात शंभरावा भाग मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी ग्रुप बदलतो. पिस्तूल टेबलावर टेकवून, ४.४९ आणि ४.५० दोन्ही मारून बघितले. माझ्या नळीला आरडब्ल्यूएस कंपनीचे आर-१०, ४.५० मापाचे छर्रे भावले. ज्या लॉटचा ग्रुप चांगला आला, त्याच लॉटचे डबे एकदम घेऊन ठेवले. शिसं असतं, म्हणून सरावानंतर हात साबणानं धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, जेवणाचा.

आपल्याकडे कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनला २५ मीटर पिस्तुलाचं वर्ल्ड कपचं सुवर्ण घेतलं, २०१८ मध्ये एशियाडचं. तेव्हापासून पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर पिस्तूल हातात घेतलेल्या मुली मोठ्या संख्येनं दिसतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी तेरा-चौदाव्या वर्षी पूर्ण लांबीच्या पिस्तुलाशी झगडतात, कारण ‘पुढे लागणारच आहे’. खांदा दुखतो, ग्रुप पसरतो, मुलगी हिरमुसते आणि वर्षभरात सोडते. त्यांच्या आई-बाबांना मी हेच सांगते, की आधी जुनं कॉम्पॅक्ट शोधा, ग्रिप मुलीच्या हाताला बसवून घ्या, शिल्लक पैसे कोचिंगला आणि छर्र्यांना ठेवा. ज्यांचा पंजा मोठा आहे, खांदा भक्कम आहे आणि ज्यांची सिरीज आधीच ९३-९४ आहे, त्यांनी कॉम्पॅक्टच्या वाटेला जाऊ नये. त्यांना जडपणाचा आणि लांबीचा खरंच उपयोग होतो.

माझ्यापुरतं बोलायचं तर पिस्तूल बदलायचा विचार नाही. सिलिंडरची मुदत पुढच्या वर्षाअखेरीस संपते, तेव्हा नवा सिलिंडर घेईन, त्यासाठी आत्तापासून पैसे बाजूला टाकतेय. कुणाकडे एलपी-२ कॉम्पॅक्टची मध्यम मापाची ग्रिप पडून असेल, तर मात्र जरूर कळवा, एक जादा तयार करून ठेवायची आहे.